कानातला कापूस

नाही नाही, बसा न तुम्ही, बसा आजी, ती पिशवी माझीच आहे, घेते मी मांडीवर — अवो माय, दचकलेच पाहा मी! तुम्ही नुसत्या टेकल्या अन् मी दचकले. हसा, हसा, सगळेच हसतात. माझं आधीपासून असंच आहे, कॉलेजात मागून कोणी नुसतं "पायल" म्हटलं तरी हातातली वही खाली. अन् इथं तर काय, ह्या दाराच्या आत मशिनी टीं-टीं करतात न — येतंय का ऐकू? — तर प्रत्येक टींला मी उभी राहते. अडतीस दिवस झाले. अडतीस दिवसांत किती उठले-बसले असेन, कसरतच झाली फुकटची. पण आज सकाळपासून मी मुळात बसलेच नव्हते, तुम्ही आल्या म्हणून बसले. आज सुट्टी आहे आमची! माझी अन् माझ्या मुलीची. डॉक्टर मॅडम आत राउंड घेऊन राहिल्या, राउंड झाला की कागद येईल, कागदावर सही केली की निघालो. विक्कीची व्हॅन सांगितली आहे, तो आमच्या गावचाच, नेर सोडलं म्हणे त्यानं, व्हॅनमध्ये माझा नवरा आहे, सासूबाई आहेत, अन् — जाऊ द्या, अन् काय काय आहे. सोळाशे दहा! हे सांगितलं का मी? सकाळी काट्यावर सोळाशे दहा भरली. ग्रॅम हो. जन्मली तेव्हा साडेअकराशे होती. भरताचं मोठं वांगं असतं न, तेवढी, अन् रंगही साधारण तोच.

तुमचं कोण आहे आत? नातू. आज पहाटे आणला? म्हणजे तांड्यावरून पुसद अन् पुसदहून इथं, झोप नसेलच मग डोळ्याला. नाव काय तुमचं — रुपीबाई. छान. अन् त्याची आई? वर, बाळंतिणींच्या वॉर्डात. सून का — मुलगी. सोनू. आणतील पाहा सोनूला आता चाकाच्या खुर्चीवर, अकरा वाजता आयांना आत सोडतात. फक्त आईला हं. आजीला नाही, बापाला नाही. माझे सासरे, पंजाबराव, गावात त्यांचं बोलणं कोणी खाली पडू देत नाही, ते इथं येऊन दोन तास त्या काचेला नाक लावून उभे होते, शेवटी एका सिस्टरनं येऊन त्यांच्या नाकाचा डाग पुसला अन् म्हणाली, "बाबा, दुसऱ्या काचेला लावा आता, ही झाली." तुमच्या नातवाचं वजन किती सांगितलं? चौदाशे! अहो मग पैलवान आहे तो. आमची त्याच्यापुढं काडी. काही होत नाही, घाबरू नका. मी सांगते म्हणजे बघा, जी उंदीर पळाला तरी किंचाळते ती मी सांगते — घाबरू नका.

मी सांगते न तुम्हाला इथलं सगळं. मला कोणी नव्हतं सांगितलं — म्हणजे सांगितलं होतं, सिस्टरनं नीट सांगितलं होतं, मलाच ऐकू आलं नव्हतं, त्याची पण गंमत आहे, थांबा. तर चपला इथं काढायच्या. मग बांगड्या, अंगठी, घड्याळ, सगळं त्या खोक्यात. तुमच्या ह्या दंडापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या काही निघायच्या नाहीत, पण तुम्हाला जायचंच नाही, सोनूच्या तेवढ्या काढून घ्या. मग तो नळ. त्याचा दांडा लांब आहे न, तो कोपरानं ढकलायचा, हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी मी कोपर मारला तो साबणाच्या बाटलीला, बाटली पडली सिस्टरच्या पायावर, सिस्टर ओरडली, ती ओरडली म्हणून मी ओरडले, अन् आतली चार बाळं एकदम रडायला लागली. खरंच! माझी नाही रडली. माझीला रडायला ताकदच नव्हती तेव्हा. ती सिस्टर म्हणजे उर्वशी. केळापूरची, माझ्याच वयाची असेल, नोकरीला लागून चार महिने झालेले. पाय चोळत चोळत मला म्हणाली, "ताई, एवढा जोर आहे तर थोडा बाळाला द्या." मला इतकं आवडलं ते. मग तिनं माझे हात धरून शिकवलं — तळवा, मागची बाजू, बोटांच्या मधली जागा, अंगठा, नखं, मनगट. आता झोपेत पण करते मी. राजदीप म्हणतो, म्हणजे माझा नवरा, या बाकावर तू डुलकी घेते तर तुझे हात मांडीवर आपोआप एकमेकांना धुऊन राहतात.

तर ऐकू का नव्हतं आलं — कानात कापूस होता! दोन्ही कानात, हे एवढाले बोळे, अन् वरून फडकं आवळून बांधलेलं. तुमच्याकडे पण घालतात न बाळंतिणीच्या कानात? घालतातच. सासूबाईंनी पाठवला होता डब्यात भरून. रुखमाबाई त्यांचं नाव, शाळेत नाही गेल्या, पण वारं कुठून शिरतं अन् कुठून निघतं सगळं पाठ. "पायल, कानात वारं शिरलं तं जलमभर डोकं धरून बसशीन. दवाखान्यातला कापूस नोको घेऊ, तो कोणाच्या घरचा कोणाले मालूम. हा आपल्या वावरातला हाय, म्या सोता बसून सरकी काढली." आता मी बीएस्सी झालेली मुलगी. बॉटनी. आमच्या घरी माहेरी-सासरी दोन्हीकडे गंडा नाही, दोरा नाही, अंगारा नाही, सासरे तर भाषण देतात त्याच्यावर विहारात. पण कानातला कापूस काही गंडा-दोरा नाही न? तो तर कापूस आहे. त्यात देव ना भूत. म्हणून घातला. अन् आईसारख्या प्रेमानं कोणी सरकी काढून दिली तर नाही कसं म्हणायचं?

अन् कापसाचं म्हणाल तर आमच्या घरी दुसरं आहेच काय! मधल्या खोलीत खालपासून आढ्यापर्यंत कापूस. मागच्या साली भाव चढला होता म्हणून यंदा सगळ्यांनी तोच लावला, अन् वेचून घरात आला तर भाव खाली. थांबू, म्हणाले सासरे. तुमच्याकडे पण थांबलेत? सगळा जिल्हा कापसावर बसून आहे, आजी. आम्ही तर झोपतो त्याच्यावर. मी पोटुशी होते तर माझं अंथरूण तिथंच वरती, मऊ मऊ, राणीसारखं — अन् मग सुटते खाज. पंधरा मिनिटं राणी अन् मग सकाळपर्यंत माकडीण! त्यात अवकाळी पाऊस झाला, कोपऱ्यातलं टिन गळलं, तेव्हापासून त्या बाजूनं ढिगात हात घातला तर आत गरम लागतं, अन् वास येतो, ओल्या पोत्याचा असतो तसा. सासूबाई म्हणतात, कापसाचा वास आहे, कापसाले कापसाचा वास नाही येणार तं का मोगऱ्याचा येईन? भाव येईल म्हणून थांबलो होतो आम्ही, भाव काही आला नाही, मुलगी आली. दोन महिने आधी! ती नाही थांबली बाई.

काय? हो, दूध पिते न आता. अंगावर पिते! आठ दिवस झाले. त्याआधी वाटी-चमचा, त्याच्याआधी नाकातली नळी, अन् सगळ्यात आधी तर काहीच नाही, थेंब नाही, हातातल्या बारीक नळीतून जे काय जायचं ते. इतकी लहान बाळं तर श्वास घ्यायचंच विसरतात, माहीत आहे का? खोटं नाही सांगत. घेता घेता विसरतात. मशीन टीं करते. मग उर्वशी सिस्टर जायची अन् तळव्याला टिचकी मारायची, अशी, हळूच, कॅरम खेळतात तशी — की हिला आठवायचं, अरे हो, श्वास घ्यायचा आहे. मी रडायची तर म्हणायची, "ताई, ती विसरते, मी नाही विसरत." तिनं किती टिचक्या मारल्या असतील माझ्या मुलीला! मी ठरवलंय, मोठी झाल्यावर अभ्यास नाही केला की म्हणेन, थांब, उर्वशी सिस्टरला बोलावते.

अन् मग नवव्या दिवशी ती टिचकीनं पण उठेना. पोट फुगलं, रंग राखेसारखा, हात उचलला की सोडला तसा पडायचा. तिचं रक्त घेतलं अन् बाटलीत वाढवायला ठेवलं, अन् दोन दिवसांनी त्यात उगवलं. बुरशी. मी म्हटलं, काय? भाकरीवर येते ती? लोणच्यावर येते ती? रक्तात? आजी, मला परीक्षेत आली होती बुरशी, दहा मार्कांना. तिला कळ्या फुटतात, कळीला कळी, मी पेन्सिलीनं इतकी सुबक आकृती काढली होती की सरांनी ती दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवली. नऊ मार्क! अन् आता तीच माझ्या मुलीच्या अंगात कळ्या फोडत फिरून राहिली. मला हसूच आलं हो. डॉक्टर मॅडम समोर उभ्या अन् मी हसून राहिले, त्यांना वाटलं हिचं डोकं फिरलं. राजदीप म्हणाला, ती घाबरली की हसते. खरं आहे ते. मी आता पण थोडी घाबरलेलीच आहे.

मॅडमनी ती बारीक नळी लगेच काढली, दुसरीकडे लावली. औषध आणलं, पिवळं, उजेड चालत नाही त्याला, म्हणून बाटलीला अन् नळीला काळा कागद गुंडाळायचे. तासन् तास ठिपका ठिपका जायचं. एकवीस दिवस. डोळ्याचे डॉक्टर आले डोळ्यात पाहायला, पोटाची सोनोग्राफी झाली, कुठं कुठं जाऊन बसते म्हणे ती, डोळ्यात, मूत्रपिंडात. नाही बसली. कुठंच नाही बसली! मग रक्त परत वाढवायला ठेवलं, काही उगवलं नाही. परत ठेवलं, काही नाही. त्या दिवशी मी बाकावर इतकी नाचले — बसून, बसूनच — की बाकाचा हा पाय हलायला लागला, पाहा, अजून हलतो.

पण मधे एक झालं. मॅडमनी मला बोलावलं, वही उघडली अन् विचारलं, "पायल, बाहेरचं काही आत आलं होतं का? मध, घुट्टी, तेल, काजळ, कापड? रागावणार नाही मी. खरं सांग." अन् मी म्हटलं — नाही. पटकन म्हटलं. कारण ते आलंच नव्हतं न, मध नाही, घुट्टी नाही, तेल नाही. त्यांनी जे जे विचारलं त्यातलं एकही नाही. कानातला कापूस ही काय बाहेरची वस्तू आहे का? तो तर माझ्या कानात होता. टोपी घातली, गाऊन घातला, टोपीखाली फडकं, फडक्याखाली कान, कोणाला दिसणार? मला पण आठवत नव्हता तो. चष्मा आठवतो का माणसाला?

अहो एकदाच लावला मी. सांगते आता तुम्हाला, तुम्ही काय कोणाला सांगणार, पुसदला जाल. तिचे ओठ इतके सुकलेले होते आजी. वरच्या ओठाचं साल निघत होतं. सिस्टर यायच्या, पाकीट फोडायच्या, चिमट्यानं गॉजचा तुकडा माझ्या दुधात बुडवून तोंडाला लावायच्या, दर तीन तासांनी. मला वाटायचं, तीन तास? उन्हाळ्यात आपण तीन तास राहतो का बिनपाण्याचं? सिस्टर पलीकडच्या बाळाजवळ गेली, अन् माझ्या हाताशी काही नव्हतं, गॉज नाही, चिमटा नाही. तर कानातून एवढासा, दाण्याएवढा, तोडून — नुसता ओठाला टेकवला. तिनं चोखला! त्या दिवसापर्यंत तिनं डोळा पण उघडून नव्हता पाहिला माझ्याकडे, अन् इतकीशी जीभ काढून तिनं तो चोखला. मला तर आभाळ मिळालं.

मॅडम म्हणतात, कशानं झालं ते सांगता येत नाही. इतक्या लहान बाळाची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा, वरून नळ्या, वरून जंतूंची औषधं चालू, अन् ही बुरशी तर आपल्या सगळ्यांच्या हातावर असते, तोंडात असते. म्हणजे कापसानंच झालं असं नाही न? नाहीच. कोणाच्या पण हातानं झालं असेल. मग त्यांनी सगळ्यांच्या हातांचे नमुने घेतले, सिस्टरांचे, मावशींचे, माझे पण. कोणाच्यात काही निघालं नाही. पण उर्वशी सिस्टरच्या नखाला नेलपॉलिश निघालं. जुनं, एवढंसं, करंगळीला, भावाच्या लग्नात लावलेलं. नेलपॉलिश! मोठ्या सिस्टर सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, "तुझ्याच ड्युटीतलं बाळ आहे ते, अन् हे नख पाहा." दुसऱ्या दिवसापासून तिला खाली पाठवलं, लसीच्या खोलीत. काचेच्या आत यायचं नाही, इथल्या बाळांना हात लावायचा नाही. मी इथंच, याच बाकावर बसले होते. ती इथून गेली, डोळे हे असे सुजलेले, अन् जाता जाता मलाच म्हणते, "ताई, माफ करा बरं. मी खरंच धुवायची हात." मी काय म्हटलं असेल सांगा? मी म्हटलं, "जाऊ द्या हो सिस्टर." जाऊ द्या! म्हणजे मी तिला माफ केलं. अन् कापूस मी त्याच दिवशी काढून फेकला, डबाभर सगळाच, पण फडकं तसंच आवळून बांधते, पाहा न, की सासूबाईंना वाटावं आत आहे. व्हिडिओ फोनवर पाहून विचारतात, "कापूस घालतं न?" मी म्हणते, हो आई. तेव्हापासून मला सगळं दुप्पट ऐकू येतं. पाल चुकचुकली तरी दचकते.

ही पाहा टोपी. त्यासाठीच तर पिशवी मांडीवर घेतली. पिवळी आहे, वर गोंडा आहे. काल दुपारी आणून दिली उर्वशीनं. स्वतः विणली, लसीच्या खोलीत बसून, गर्दी नसते तेव्हा. मी म्हटलं, आत चला न, पाहा तरी, केवढी झाली. तर म्हणते, "नाही, मला परवानगी नाही. तुम्ही जाताना खिडकीतून दाखवा." — तुम्ही हसून नाही राहिल्या आता. मी पण नाही. कशी आहे, छान आहे न? गोंडा जरा तिरका बसलाय.

आज सांगायचंच, असं मी परवापासून ठरवून राहिले. मॅडमला सांगायचं, वहीत लिहा म्हणायचं, अन् उर्वशीला वर आणा म्हणायचं. पण मग वाटतं, सही झाल्यावर सांगू. सहीच्या आधी सांगितलं अन् मॅडम म्हणाल्या, हिच्या हातात कशी द्यायची मुलगी, तर? अन् सही झाली की वाटेल, व्हॅन उभी आहे. अन् त्या व्हॅनमध्ये — मघाशी म्हटलं न, अन् काय काय आहे — त्याच्यात गादी येऊन राहिली. सासूबाईंनी शिवली, एवढीशी, लाल ठिपक्यांची, अन् एक उशी, मोहरीची नाही, कापसाची. त्याच, मधल्या खोलीतल्या. फोनवर इतक्या खुश, "उन्हात घातला दोन दिवस, आता वास बी नाही येत." म्हणजे वास येत होता हे त्यांना पण माहीत होतं! त्यांना काय सांगू? तुमचा कापूस नको? त्या मनात काय आणतील माहीत आहे, त्यांना वाटेल मी त्यांनाच — अन् खरं तर त्यांनी फक्त कानासाठी दिला होता. त्यांनी नाही म्हटलं ओठाला लाव. ते तर मी —

आली वाटतं. हो, चाकांचा आवाज आहे हा, रॅम्पवरून आणतात. त्या तिकडून. हीच का तुमची सोनू? केवढी लहान आहे हो! फडकं बांधलंय, पाहा, अगदी माझ्यासारखं. थांबा, येऊ द्या इथपर्यंत, तुम्ही कायले उठल्या — आजी. मुठीत काय आहे?

नाही, मघापासून पाहून राहिली मी, तुम्ही ती मूठ उघडलीच नाही, पाणी दिलं तर डाव्या हातानं घेतलं. दाखवा न. नाही हिसकावत मी, दाखवा फक्त.

तेल. तेलात भिजवलेला बोळा. टाळूवर ठेवायला? सोनूच्या हातानं आत?

अवो माय. अवो आजी, नाही! बसा खाली, ऐका माह्यं. मले माहीत आहे घरचं तेल आहे, मले माहीत आहे तुम्ही स्वतः भिजवलं, अन् रस्ताभर मुठीत धरून आणलं, पुसदपासून इथपर्यंत, म्हणून तर — ऐका. मी मघाशी एकदा म्हटलं न? एकदा नाही. खोटं बोलली मी तुमच्याजवळ, कायले बोलली कोण जाणे, तुमी तं ओळखीच्या बी नाही. चार दिवस. दिवसातून दोनदा, सकाळी अकराले अन् दुपारी चारले, रोज. तिनं चोखला न, मग मी थांबूच शकली नाही. सिस्टर पाठमोरी झाली की कानातून तोडायची, दुधात बुडवायची अन् लावायची. एक दिवस उर्वशी वळली तर मी तिले म्हटलं, काही नाही, लाळ पुसून राह्यली. तिनं माह्यावर भरोसा ठेवला. बाकीच्यांवर नजर ठेवते ती, माह्यावर नाही ठेवली, काहून की मी सगळ्यात चांगले हात धुवायची! अन् पाचव्या दिवशी, म्हणजे तिच्या नवव्या, तिचं पोट फुगलं. त्यानंच फुगलं का? मॅडम म्हणतात सांगता येत नाही. पण मॅडमले सगळं कुठं माहीत आहे? मी सांगितलंच नाही तर त्यांना सांगता कसं येईन?

तुम्ही रडू नका. तुम्ही काहीच केलं नाही अजून, मूठच आहे ती, उघडली की झालं. तुमचं तेल त्याला घरी लावा, तो मोठा झाल्यावर, मणभर लावा, मॅडमला विचारून. आत नाही. सोनूला पण सांगा, कानातला काढ म्हणावं इथंच, वारं शिरलं तर शिरलं. माझ्या कानात तीन आठवड्यांपासून शिरून राहिलं, पाहा, बहिरी नाही झाले, डोकं नाही दुखलं, उलट —

बापरे! — दचकले पाहा परत. मलाच बोलावलं. "पायलचं बाळ." ऐकलं न तुम्ही? पायलचं बाळ! अडतीस दिवस हे ऐकलं की काचेकडे पळत सुटायची, अन् आज — आले, आले सिस्टर, चपला काढते! हे पाहा, मला हसू येऊन राहिलं. कागद आला असेल. मी आधी सही नाही करत. आधी वही उघडायला लावते मॅडमला, अन् सांगते, चार दिवस, दोनदा, कानातला. रागावतील. रागावू द्या. मुलगी देतीलच न? द्यावीच लागेल, माझीच आहे ती, टिचकी मारून विचारा हवं तर. अन् मग ही टोपी घालून खाली लसीच्या खोलीपुढून नेते, खिडकीतून नाही, दारातून. अन् गादी — गादीचं व्हॅनमध्ये पाहू, नेरपर्यंत रस्ता लांब आहे, सांगेन आईंना, रडतील थोड्या, मी पण रडेन, विक्की घाबरून व्हॅन थांबवेल.

जा तुम्ही आता. तो डबा दिसतो का नळाजवळ, पिवळा? त्यात टाका. झाकणाला हात नका लावू आजी, पायानं दाबलं की उघडतं ते. अन् मग नळ, कोपरानं. बाटली सांभाळा. जा न, उभ्या काय राहिल्या, सोनू आली तुमची.